मुंबईतली चर्चं आणि रोमकरांसचा नववा अध्याय

शुक्रवार

मावसबहिणीच्या नातवाचा बाप्तिस्मा रविवारी भायखळ्याला होता, म्हणून शुक्रवारी सकाळच्या एसटीने नगरहून निघाले. आळेफाटा, माळशेज, मुरबाड, कल्याण, असा नेहमीचा रस्ता. सप्टेंबरात माळशेज ओला आणि गर्द हिरवा असतो, कड्यांवरून पाणी सुटलेलं असतं, आणि घाटात गाडी ढगात शिरली की भरदिवसा दिवे लावावे लागतात. खिडकीशी जागा मिळाली. पिशवीत पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल होतं, प्रेषित पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायात खूण घातलेलं.

बाप्तिस्मा हे निमित्त खरंच, पण या खेपेला आणखी एक काम मनाशी धरलं होतं. माणसाचं तारण, म्हणजे पापातून सुटका, होतं ते देवाने त्याला आधीच निवडून ठेवलेलं असतं म्हणून, की त्याने देवाला निवडलं म्हणून? आणि देवच निवडत असेल, तर ज्यांना तो निवडत नाही त्यांचं काय? ख्रिस्ती मंडळीत हा वाद सोळाशे वर्षं चालू आहे. त्यातले बहुतेक पक्ष मुंबईत फोर्टापासून वांद्र्यापर्यंत दगडाचुन्यात उभे आहेत. पुस्तकांतून बरंच वाचलं होतं. आता त्या जागा बघायच्या होत्या, तिथे बसायचं होतं.

घाट उतरताना कवी नारायण वामन टिळकांची आठवण झाली. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एक अनोळखी युरोपियन गृहस्थ भेटले. त्यांनी टिळकांना नवा करार दिला आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं सांगितलं. १० फेब्रुवारी १८९५ ला टिळकांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला. तो माणूस कोण होता, हे टिळकांना पुढे कधी कळलं नाही. आमच्या नगरला ही गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. पण टिळक म्हणत की तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो, म्हणजे ते डब्यात चढले त्याच्या कितीतरी आधी तो पूल बांधून तयार होता. मला त्या भाकितापेक्षा हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

कल्याणला लोकल पकडली. भायखळ्याला ताईच्या घरी पोचले तेव्हा चहाची वेळ झाली होती, आणि चहाबरोबरच वाद सुरू झाला. ताईचा धाकटा मुलगा, बाळाचा काका, अलीकडे एका नव्या सहभागितेत, म्हणजे स्वतंत्र प्रार्थनामंडळीत जातो. तो म्हणाला, "मावशी, या बाळाने अजून काय निवडलंय? त्याला कळू दे, स्वतः निर्णय घेऊ दे, मग पाण्यात उतरू दे." ताईने डोळ्यांनीच मला गप्प राहायला सांगितलं. तो मात्र तळमळीने बोलत होता, आणि तळमळीच्या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं. रविवारी बोलू म्हटलं.

शनिवार

सकाळी फोर्टात. हॉर्निमन सर्कलचं सेंट थॉमस कथीड्रल १७१८ च्या नाताळात उघडलं. चर्चगेट स्टेशनचं नाव पडलं ते या चर्चकडे जाणाऱ्या कोटाच्या दरवाजावरून. रोज लाखो माणसं ते नाव घेतात. आत गार होतं. भिंतीभर संगमरवरी स्मारकं आहेत, कंपनी सरकारचे अधिकारी, खलाशी, तरुण बायका, लेकरं. हवापाण्याने आणि तापाने गेलेली ही माणसं. एका बाजूच्या बाकावर बसून मी सोबत आणलेली टिपणं काढली.

हे चर्च मूळचं अँग्लिकन. इंग्लंडच्या मंडळीच्या श्रद्धेची एकोणचाळीस कलमं १५७१ साली कायम झाली, त्यातलं सतरावं कलम नेमकं या पूर्वनिवडीवर आहे. त्याचं सांगणं मला फार शहाणपणाचं वाटतं. ख्रिस्तातली आपली निवड आठवणं हे भाविकाला अतिशय गोड, शब्दांत न मावणारा दिलासा देतं, असं ते म्हणतं. आणि लगेच बजावतं, की ज्याच्या ठायी ख्रिस्ताचा आत्मा नाही अशा चौकस माणसाने देवाचा हाच ठराव सारखा डोळ्यापुढे ठेवला तर सैतान त्याला एक तर निराशेत लोटतो, नाहीतर बेछूट वागण्यात. एकाच शिकवणीची ही दोन टोकं साडेचारशे वर्षांपूर्वी इतकी स्वच्छ मांडून ठेवलेली असताना प्रवचनांत दुसरं टोकच का जास्त ऐकू येतं?

तिथून चालत लायन गेटजवळच्या सेंट अँड्र्यूजला, म्हणजे स्कॉच चर्चला. १८१९ चं. फाटक बंद होतं, बाहेरूनच खांब आणि मनोरा पाहिला. स्कॉटिश प्रेस्बिटेरियनांची श्रद्धा १६४६ च्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रावर उभी. त्याच्या तिसऱ्या अध्यायात सरळ लिहिलंय की देवाने काहींना सार्वकालिक जीवनासाठी नेमलं आणि काहींना सार्वकालिक मरणासाठी. वाचताना अंगावर काटा येतो. पण त्याच अध्यायाच्या शेवटी हेही आहे, की हे गूढ फार उंचीचं आहे, ते विशेष विवेकाने आणि जपून हाताळावं.

हे ज्याच्याकडून आलं तो सोळाव्या शतकातला धर्मसुधारक जॉन कॅल्विनसुद्धा या ठरावाला भयंकर म्हणून गेला आहे. त्याच्या मोठ्या ग्रंथाच्या १५५९ च्या अखेरच्या आवृत्तीत निवडीचे अध्याय कुठे येतात ते पाहण्यासारखं आहे. ते तिसऱ्या भागात येतात, विश्वासावर आणि प्रार्थनेवर लिहून झाल्यानंतर. म्हणजे आधी माणूस गुडघ्यावर येतो, आणि मग त्याला कळतं की आपल्याला इथवर कुणीतरी आणलं. सुरुवातच त्या ठरावापासून केली की देवाची वही हातात असल्यासारखं वाटू लागतं. कॅल्विनच्या नावाने बोलणाऱ्या पुष्कळांनी हा क्रम उलटा केला, असं माझं ठाम मत आहे. त्याच्याही अकराशे वर्षं आधी बिशप ऑगस्टीन एकच ओळ पुन्हापुन्हा विचारत होता, पौलाची: तुला दिलेलं नाही असं तुझ्याजवळ काय आहे? त्याच्याच काळातला पेलागियस हा उपदेशक म्हणे की माणूस मनावर घेईल तर स्वतःच्या बळावर चांगला होऊ शकतो. ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने ते नाकारलं. स्वतःच्या बळाचा भरवसा ज्याचा सुटला आहे त्याला ऑगस्टीन कळतो.

मुंबईत १८२९ ला आलेले डॉ. जॉन विल्सन याच स्कॉटिश परंपरेतले. विल्सन कॉलेज त्यांचं. १८४३ ला स्कॉटलंडच्या मंडळीत फूट पडली तेव्हा ते फ्री चर्चमध्ये गेले. पुढे १८९२ साली त्या फ्री चर्चने जाहीर केलं, की माणसाच्या स्वतःच्या पापाचा विचार न करता देवाने त्याला मरणासाठी नेमलं, असं आमचं विश्वासपत्र शिकवतं असं मानू नये. स्कॉटलंडच्याच युनायटेड प्रेस्बिटेरियन चर्चने १८७९ मध्ये आणखी एक पाऊल टाकलं होतं. बाळपणी मेलेली मुलं तारणाला मुकली असं मानण्याचं बंधन नाही, आणि उपदेश, बाप्तिस्मा अशा नेहमीच्या साधनांच्या बाहेर असलेल्यांवर देव कृपा करणार नाही असंही मानण्याचं नाही. हे मी वहीत उतरवून घेतलं आहे आणि कितीदा तरी वाचलं आहे. त्याचं कारण मंगळवारी येईल.

दुपारी अपोलो बंदराकडे, बोवेन मेमोरियल मेथडिस्ट चर्च. जॉर्ज बोवेन आमच्या अमेरिकन मराठी मिशनमधून १८४८ ला मुंबईत आले. हे मिशन मुंबईत १८१३ ला सुरू झालं आणि १८३१ ला नगरला पोचलं. तरुणपणी बोवेन देव न मानणारे होते. ज्या मुलीशी लग्न ठरलं होतं ती आजारात गेली, आणि जाताना माझं बायबल वाच एवढं सांगून गेली. मुंबईत त्यांनी मिशनचा पगार सोडला, गरीब वस्तीत राहिले, आणि १८८८ साली इथेच वारले.

ते पुढे मेथडिस्ट झाले, आणि मेथडिस्टांचं म्हणणं कॅल्विनपंथीयांच्या समोरासमोर उभं. हॉलंडमध्ये आर्मिनियस या धर्मपंडिताच्या शिष्यांनी १६१० ला आपली पाच कलमं मांडली होती: कृपा सर्वांसाठी आहे आणि माणूस ती झिडकारूही शकतो. १६१८–१९ च्या डॉर्टच्या परिषदेने ती फेटाळली. मेथडिस्टांचा मूळपुरुष जॉन वेस्ली याने १७३९ साली तीच बाजू पुन्हा उचलली. सर्वांसाठी फुकट, सर्वांमध्ये फुकट, अशी कृपा. माणसाने हाक मारण्याच्या आधीच ती येऊन त्याच्यात हालचाल करते, म्हणून तो हाक मारू शकतो. यावरून वेस्ली आणि त्याचा कॅल्विनपंथी मित्र जॉर्ज व्हाइटफील्ड यांचं बिनसलं. तरी १७७० ला व्हाइटफील्ड गेला तेव्हा त्याच्याच इच्छेनुसार लंडनमधलं स्मरणाचं प्रवचन वेस्लीने केलं. दोघांचं कृपेविषयीचं भांडण कृपेपेक्षा मोठं झालं नाही.

पाय दुखत होते. सीएसएमटीहून लोकलने घरी.

रविवार

उपासना मराठीत, बाजाची पेटी, तबला आणि मागे इलेक्ट्रिक गिटार. बायका ठेवणीतल्या साड्यांत. बाळाला आजीने शिवलेला पांढरा झगा, त्याच्या कडेला हाताने विणलेली लेस. पाळकसाहेबांनी बाळ डाव्या हातावर घेतलं. पितळी पात्रातलं पाणी ओंजळीत घेऊन तीनदा टाळूवर घातलं, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. पाणी कानामागून झग्यात ओघळलं. बाळ पहिल्यांदा दचकलं, मग रडलं नाही, पाळकसाहेबांच्या गळपट्ट्याची झालर मुठीत धरून ती तोंडात घालू लागलं. ती मूठ सोडवायला आईला पुढे यावं लागलं.

पाळकसाहेब थोडंच बोलले. या लेकराने अजून काहीही केलेलं नाही, चांगलं नाही की वाईट नाही, आणि देव त्याचं नाव घेतो आहे. आपण प्रीती करतो, कारण प्रथम त्याने आपल्यावर प्रीती केली. योहानाच्या पहिल्या पत्रातलं हे वचन सगळ्यांना पाठ असतं, पण ओल्या टाळूच्या लेकराकडे बघताना ते मला वेगळ्या वजनाने ऐकू आलं.

जेवण झाल्यावर भाच्याने विषय काढला. त्याला आधी सांगितलं, की तुझं म्हणणं चर्चच्या बाहेरचं नाही. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया एकत्र आलं, तेव्हा अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट, ब्रिटिश मेथडिस्ट असे सगळे एका छताखाली आले आणि बाळांचा बाप्तिस्मा आणि मोठेपणी समजून घेतलेला बाप्तिस्मा, दोन्ही रीती त्यांनी मान्य ठेवल्या. मग मुद्द्यावर आले. दक्षिणेतल्या रामानुजांच्या संप्रदायात याच प्रश्नावर दोन शाखा झाल्या. माकडाचं पिल्लू आईला स्वतः बिलगून राहतं, मांजरीचं पिल्लू नुसतं लोंबतं, त्याला आईच मानगुटीला धरून नेते. शरण जाणाऱ्याचं कोणतं? भाचा म्हणाला, "माकडाचं. आपण धरायला नको?" म्हटलं, धरायचंच. पण धरून धरून हात सुटतो तेव्हा काय? योहानाच्या दहाव्या अध्यायात येशू म्हणतो, माझ्या हातातून त्यांना कोणी हिसकून घेणार नाही. तिथे हात त्याचा आहे.

तो बराच वेळ बोलला नाही. मग विचारलं, "मावशी, पण मग सुवार्ता सांगायची कशाला?" प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, आगगाडीतला तो गृहस्थ नवा करार पिशवीतच ठेवून बसला असता तर? देव निवडतो तेव्हा साधनंही निवडतो, आणि ती साधनं माणसं असतात. हे उत्तर त्याला पुरतं पटलं नाही. उठताना मात्र त्याने बाळाला आपल्या मांडीवर मागून घेतलं.

सोमवार

वांद्र्याची जत्रा. आठ सप्टेंबर हा मरियामातेच्या जन्माचा सण, आणि त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर माउंट मेरीच्या टेकडीवर माणूस मावत नाही. कोळी लोक तिला मोतमावली म्हणतात. ताईच्या मजल्यावरच्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या कॅथलिक समाजातल्या, आंटी दरवर्षी जातात, त्यांच्याबरोबर गेले. त्यांचं मूळ घर माझगावचं, बोलणं घरचं मराठी.

वाटेवर दुतर्फा मेणाच्या वस्तू: हात, पाय, डोळे, हृदय, तान्ही बाळं, छोटी घरं. आंटींनी एक पाय घेतला, जावयाच्या गुडघ्यासाठी. पिवळसर मेण, आतून पोकळ, बोटांची नखंसुद्धा कोरलेली. ऊन लागून घोट्याजवळ मऊ पडलं होतं, म्हणून त्यांनी तो पदराखाली धरला. रांगेत सगळ्या धर्मांची माणसं होती, नऊवारीतल्या आजी, बुरख्यातली एक मुलगी, नवस फेडायला आलेलं गुजराती कुटुंब.

आम्हा प्रोटेस्टंट लोकांना लहानपणी शिकवलेलं असतं की नवस म्हणजे कृपेशी केलेला सौदा. मी आंटींना सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, "सौदा कसला ग? गुडघा बरा झाला तरी येणार, नाही झाला तरी येणार. ती माय आहे. मायजवळ रिकाम्या हाताने कसं जायचं?" मला यावर काही बोलायचं नव्हतं. कृपेचं देणं फुकट आहे हे मानणारं माणूसही हात भरून येऊ शकतं, आणि बाकी काही न आणता नुसता हिशेब घेऊन येणारी माणसं आमच्या साध्या भिंतींच्या चर्चमध्येही मी पाहिलेली आहेत.

आजची इमारत १९०४ ची, पण टेकडीवरची भक्ती पोर्तुगीज काळातली. तेव्हा वांद्रं जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाचं होतं, खालचं सेंट अँड्र्यूज त्यांनी १५७५ ला बांधलं. युरोपात याच सुमाराला जेझुइट आणि डॉमिनिकन या दोन संघांत निवडीवरून मोठं भांडण पेटलं. १५८८ साली मोलिना नावाच्या स्पॅनिश जेझुइटाने मांडलं, की कोणत्या परिस्थितीत कोण मोकळेपणाने काय करील हे देवाला ठाऊक असतं, आणि ते जाणून तो कृपेची योजना करतो. डॉमिनिकन बान्येस म्हणे, कृपा स्वतःच परिणामकारक असते, माणसाच्या होकारावर थांबत नाही. रोममध्ये वर्षानुवर्षं चर्चा झाल्या. शेवटी १६०७ ला पोप पाचव्या पॉलने निकालच दिला नाही. दोघांनी आपापलं म्हणणं ठेवावं, पण एकमेकांना पाखंडी म्हणू नये. मला हा निर्णय फार थोर वाटतो.

निकाल दिला नाही तरी कॅथलिक चर्चने कुंपण घातलेलं आहे. ट्रेंटच्या परिषदेने १५४७ ला सांगितलं, की आरंभ कृपेचाच, माणूस तिला होकार देतो आणि नकारही देऊ शकतो. देव कोणालाही नरकासाठी नेमत नाही, हे १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात स्पष्ट आहे. ५२९ च्या ऑरेंजच्या परिषदेनेही देव कुणाला दुष्टतेसाठी नेमतो हे म्हणणं धिक्कारलं होतं. आणि ३१ ऑक्टोबर १९९९ ला आउग्सबुर्गला लुथरन आणि कॅथलिक यांनी माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो या शिकवणीवर एकत्र सही केली. २००६ ला मेथडिस्ट आणि २०१७ ला रिफॉर्म्ड, म्हणजे कॅल्विनच्या परंपरेतल्या, मंडळ्याही त्यात सामील झाल्या. ज्या प्रश्नावर युरोप फाटला होता त्याच प्रश्नावर हे घडलं, आणि आमच्या मंडळ्यांत त्याची चर्चा जवळजवळ होत नाही, याचं मला वाईट वाटतं.

मंगळवार

शिवडीचं ख्रिस्ती कबरस्तान. माझा धाकटा भाऊ लालबागच्या गिरणीत होता. १९८२ च्या संपानंतर गिरणी गेली, मग नाना कामं, मग दारू. शेवटपर्यंत सुटली नाही. त्याच्या मातीला कुठल्याशा सभागृहातले एक प्रचारक आले होते. त्यांनी कबरेवर रोमकरांसचा नववा अध्याय उघडला. तिथे देव जुळ्या भावांविषयी म्हणतो: याकोबावर मी प्रीती केली, एसावाचा द्वेष केला. कुंभाराला एकाच गोळ्यातून मानाचं आणि हलकं भांडं करण्याचा अधिकार नाही काय? क्रोधाची पात्रं. तिथे पुस्तक मिटलं, आणि कोणाविषयी बोलतो ते सगळ्यांना कळेल असं बोलले. आई तिथेच उभी होती.

आता आईही नाही. मुंबईत जागा अपुरी, कबर काही वर्षांनी पुन्हा उघडतात, म्हणून भावाच्या अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात आहेत. दगडी पाटीवर नाव आणि दोन तारखा. त्याचा चाळीतला शेजारी, तोही गिरणीतला, माळकरी, दरवर्षी आषाढीला निघणारा, माझ्याबरोबर आला होता. त्याने खिशातल्या रुमालाने पाटी पुसली. म्हणाला, "ताई, त्याचं प्रारब्धच तसं. सटवाईने लिहिलेलं कोण पुसणार?" त्याने हे प्रेमानेच म्हटलं. पण प्रारब्ध आपल्या कर्माचं फळ असतं, आणि पौल ज्या निवडीविषयी बोलतो ती याकोब-एसाव जन्मायच्या, बरंवाईट करायच्या आधीची आहे. कर्माने मिळवलेली नाही, म्हणून कर्माने गमावली असं म्हणणंही अवघड. एवढंच त्याला सांगितलं. त्याने मान हलवली आणि मग जे सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं.

रात्री उशिरा दारू चढली की भाऊ गॅलरीत बसून आमचं एक उपासनेचं गीत म्हणायचा. पहिलं कडवं नीट यायचं. दुसऱ्याची पहिली ओळ आठवायची नाही, मग पुन्हा पहिल्यापासून. चाळीतली माणसं ओरडायची, हा मात्र दार उघडं ठेवून ऐकायचा. "मला पाठ झालं की, ताई," म्हणाला, आणि चालीवर पहिली ओळ म्हणून दाखवली. चाल अगदी बरोबर होती.

माझा भाऊ निवडलेला होता असा दावा मी करत नाही. ती वही माझ्याकडे नाही. पण ती त्या प्रचारकांकडेही नव्हती. वधस्तंभावरच्या चोराला शेवटच्या तासात एक वाक्य बोलता आलं, आणि त्याला आजच तू माझ्याबरोबर असशील असं उत्तर मिळालं. दुसरं कडवं न आठवणाऱ्या माणसाला काय उत्तर मिळालं असेल, हे मी किंवा कुणीही कबरेच्या काठावरून सांगू नये. आणि नवव्या अध्यायावर थांबण्याचा अधिकार कुणालाच नाही. पौल स्वतः थांबत नाही. अकराव्यात तो म्हणतो, देवाने सर्वांना आज्ञाभंगात कोंडून ठेवलं, ते सर्वांवर दया करावी म्हणून, आणि मग त्याचे शब्द संपतात आणि स्तुती सुरू होते. स्विस धर्मपंडित कार्ल बार्थने १९४२ साली निवडीची सगळी शिकवण ख्रिस्ताभोवती फिरवली: नाकारलेला कोण असेल तर तो वधस्तंभावरचा ख्रिस्त, आणि निवडलेलाही तोच, आणि आपण त्याच्यात. बार्थचं सगळंच पटतं असं नाही, पण आईला हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

बुधवार

माहीमला नोव्हेनाचा, म्हणजे मरियामातेच्या खास प्रार्थनेचा, दिवस. सकाळी सेंट मायकल चर्चसमोर इतकी गर्दी की बस रेंगाळली. उतरले नाही, कल्याणला एसटी गाठायची होती. ताईने वाटेसाठी पोळीभाजी आणि बाप्तिस्म्याच्या केकचा तुकडा बांधून दिला होता. भाच्याचा फोन मुरबाडच्या पुढे आला. त्याने नववा अध्याय वाचला, आणि एसावाचं त्याला काही केल्या पटत नाही. म्हटलं, दहावा आणि अकरावा वाच, मग शनिवारी फोन कर, आणि उत्पत्तीच्या तेहतिसाव्यात एसाव धावत येऊन याकोबाला मिठी मारतो तेही वाच.

नगरला पोचल्यावर आमच्या पाळकांशी बोलले. पुढच्या महिन्यापासून मोठ्यांच्या शब्बाथशाळेत रोमकरांस ९ ते ११ घ्यायचं ठरलंय. अट एकच घातली आहे, की हे तीन अध्याय वेगवेगळ्या रविवारी तोडायचे नाहीत. वेळ लागला तर उपासनेनंतर चहा ठेवू, पण एका बैठकीत अकराव्याच्या शेवटापर्यंत जायचं.